न मोजलेली फेक

२३ जुलै २०१६. पोलंडमधील बिद्गोश्च या शहरात वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा सुरू होती आणि त्या दिवशी मुलांच्या भालाफेकीची अंतिम फेरी होती. हरयाणातील पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा अठरा वर्षांचा नीरज चोप्रा दुसऱ्या प्रयत्नासाठी धावपट्टीवर आला. पहिल्या प्रयत्नात त्याचा भाला ७९.६६ मीटरवर पडला होता. दुसरा प्रयत्न मोजला गेला तो ८६.४८ मीटर. लात्वियाच्या झिगिस्मुंड्स सिर्माइस याने २०११ मध्ये केलेला ८४.६९ मीटरचा कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम एका फेकीत १ मीटर ७९ सेंटीमीटरने मागे पडला. मैदानी खेळांत कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम करणारा तो पहिला भारतीय ठरला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर फेकून त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, त्या रात्री आपल्या वसतिगृहातही मुलांनी ताटे वाजवली. बिद्गोश्चचे नाव मात्र आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. मी इतिहासाचा शिक्षक. राज्याभिषेकाची तारीख सर्वांना पाठ असते आणि त्याआधीची वीस वर्षे कोणी वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लेख लिहायला सांगण्यात आले तेव्हा मी टोकियोऐवजी बिद्गोश्च निवडले. विक्रमाचे गुणगान करणे हा या लेखाचा हेतू नाही. त्या दिवसाच्या निकालपत्रकात आपल्या शाळेने, पालकांनी आणि विशेषतः आम्हा शिक्षकांनी वाचण्यासारखे काही आहे, असे मला वाटते. आणि ते वाचताना मला माझी एक जुनी चूकही सांगायची आहे.

प्रथम हा खेळ समजून घेऊ. वीस वर्षांखालील मुलांचा भाला प्रौढ पुरुषांच्याच मापाचा असतो. वजन ८०० ग्रॅम, लांबी २.६० ते २.७० मीटर. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो ७०० ग्रॅमचा असतो. धावपट्टी चार मीटर रुंद असते आणि तिच्या टोकाला पांढरी वक्र रेषा असते. भाला सोडल्यावरही त्या रेषेला पाय लागता कामा नये. भाला टोकाच्या बाजूने जमिनीला लागला पाहिजे. आडवा पडला किंवा शेपटाकडून आपटला तर तो प्रयत्न बाद. आखून दिलेल्या पाचरीसारख्या क्षेत्राबाहेर गेला तरीही बाद. प्रत्येकाला तीन संधी मिळतात, त्यांतून पहिले आठ निवडले जातात आणि त्यांना आणखी तीन संधी मिळतात. प्रयत्न वैध असेल तर पंच पांढरे निशाण वर करतो, नसेल तर लाल. मग अंतर मोजले जाते आणि सेंटीमीटरच्या खालचा अंश सोडून दिला जातो.

पाहणाऱ्याला वाटते की भाला हाताने फेकला जातो. जाणकार सांगतात की तो पायांपासून फेकला जातो. खेळाडू वेगाने धावत येतो, शेवटच्या काही पावलांत अंग आडवे करून पाय एकमेकांपुढे टाकतो, आणि उजव्या हाताने फेकणारा असेल तर डावा पाय जमिनीत खुंटीसारखा रोवतो. खालचे शरीर एकदम थांबते, आणि धावण्यातला सारा वेग कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि शेवटी बोटांत उतरतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. त्यासाठी लागणारी तयारी मात्र वर्षानुवर्षांची असते. अंगापिंडाने दांडगा मुलगा दूर फेकतोच असे नाही, आणि सडपातळ मुलगा मागे राहतोच असेही नाही.

या खेळाचे मला सर्वांत मोठे मोल वाटते ते त्याच्या मोजणीत. इथे कोणाच्या मताला गुण नाहीत. खेळाडूचे आडनाव, त्याचे गाव, त्याच्या बापाचा धंदा, त्याची भाषा यांपैकी काहीही त्या अंतरात मिळवता येत नाही आणि वजाही करता येत नाही. ८६.४८ म्हणजे ८६.४८. ज्यांच्या कित्येक पिढ्यांचे मोल दुसऱ्यांनी ठरवले, त्या आपल्यासारख्यांना अशा मोजपट्टीचे महत्त्व अधिक सांगायला नको. पण लगेच दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मोजपट्टी भेद करत नाही हे खरे. तथापि त्या मोजपट्टीपर्यंत मुलाला नेणारी वाट सर्वांना सारखी नसते. ती वाट कोण देतो आणि कोण अडवतो, हा खरा प्रश्न आहे.

नीरजच्या विक्रमानंतर वर्तमानपत्रांतून एक हळहळ सतत व्यक्त होत होती. रिओ ऑलिंपिकसाठी ८३ मीटरची पात्रता ठरवलेली होती आणि ती गाठण्याची मुदत ११ जुलै २०१६ रोजी संपली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने ८२.२३ मीटर फेकून सुवर्णपदक मिळवले होते. म्हणजे ७७ सेंटीमीटर कमी पडले, आणि पुरेशी फेक झाली ती मुदतीनंतर बारा दिवसांनी. रिओत कांस्यपदक मिळाले ते ८५.३८ मीटरला. तेव्हा ‘तो असता तर पदक आलेच असते’ असे गणित अनेकांनी मांडले. इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे मी वर्गात नेहमी सांगतो आणि इथेही तेच सांगेन. त्या दिवशीचा वारा वेगळा, ती गर्दी वेगळी, ते दडपण वेगळे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. मुदत चुकली म्हणून कोणी त्याच्यासाठी नियम वाकवला नाही, आणि मुदत चुकली म्हणून त्यानेही मैदान सोडले नाही. ऑलिंपिक हुकलेला मुलगा पुढे पाच वर्षे धावपट्टीवर येत राहिला. त्या पाच वर्षांत २०१८ चे आशियाई सुवर्णपदक आले, आणि २०१९ मध्ये मुंबईत उजव्या कोपरावर शस्त्रक्रियाही झाली. दोह्याची जागतिक स्पर्धा त्यामुळे हुकली.

आता त्या निकालपत्रकाकडे वळू. दुसऱ्या क्रमांकावर दक्षिण आफ्रिकेचा योहान ग्रोबलर होता, ८०.५९ मीटर. तिसऱ्या क्रमांकावर ग्रेनाडा या लाख-सव्वालाख वस्तीच्या बेटाचा अँडरसन पीटर्स, ७९.६५ मीटर. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांत जवळजवळ सात मीटरचे अंतर होते. त्या संध्याकाळी कोणी पीटर्सकडे पाहून ‘हा मागे पडला’ असे म्हटले असते तर ते चूक ठरले नसते. पण २०१९ मध्ये दोह्यात जगज्जेता झाला तो हाच पीटर्स. २०२२ मध्ये अमेरिकेतील युजीन येथे ९०.५४ मीटर फेकून तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला, आणि तेव्हा रौप्यपदक होते नीरजच्या गळ्यात. रौप्यपदक मिळवणारा ग्रोबलर मात्र पुढे ऑलिंपिकच्या किंवा जागतिक स्पर्धेच्या विजयमंचावर दिसला नाही. यात त्याचा काही दोष आहे असे नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीचा क्रम हा आयुष्याचा क्रम नसतो, एवढेच यातून दिसते.

याच स्पर्धेत आणखी एक मुलगा आला होता. पाकिस्तानी पंजाबातील मियाँ चन्नूजवळच्या खेड्यातला, गवंडीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा अर्शद नदीम. तो पात्रता फेरीतच बाहेर पडला. अंतिम फेरीच्या पत्रकात त्याचे नावही नाही. विक्रमाच्या बातम्यांत त्याची दखल कोणी घ्यावी, असे काही कारणच नव्हते. आठ वर्षांनी, ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ९२.९७ मीटर भाला फेकला. तो ऑलिंपिक विक्रम होता आणि त्याच्या देशाचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदकही. नीरज ८९.४५ मीटरसह दुसरा आला आणि पीटर्स ८८.५४ मीटरसह तिसरा. बिद्गोश्चला एकाच मैदानावर उतरलेली तीन मुले आठ वर्षांनी जगाच्या सर्वांत उंच विजयमंचावर एकत्र उभी राहिली. फक्त क्रम बदलला होता, आणि जो पात्रता फेरीत गळला होता तो मधल्या पायरीवर होता.

याच्या उलट उदाहरण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटचे. २०१२ च्या जुलैत बार्सिलोना येथे ७८.६४ मीटर फेकून तो वीस वर्षांखालील गटाचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये ८४.५८ मीटर फेकून ऑलिंपिक विजेताही झाला. एकोणिसाव्या वर्षी सर्व काही मिळाले. त्यानंतर चढ-उतार आले. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीतही पोचला नाही. आणि त्याच टोकियोत २०२५ च्या जागतिक स्पर्धेत ८८.१६ मीटर फेकून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो प्रथमच प्रौढ गटाचा जगज्जेता झाला. पीटर्स दुसरा आला. नीरज त्या दिवशी आठव्या क्रमांकावर होता.

या सगळ्यातून मी काय म्हणू पाहतो? कनिष्ठ गटाची स्पर्धा ही वाटेवरची मोजणी आहे, अखेरचा निवाडा नव्हे. तिथे मिळालेले पदक म्हणजे पुढच्या आयुष्याची हमी नाही आणि तिथली हार म्हणजे नालायकीचा दाखला नाही. मुलगा आज कुठे आहे, एवढेच ती सांगते. आपण मात्र मुलांच्या बाबतीत नेमके उलटे वागतो. दहावीच्या टक्क्यांवर, एका परीक्षेच्या गुणपत्रिकेवर, एका वर्षाच्या निकालावर आपण ‘हा चालेल’ आणि ‘हा चालणार नाही’ असे शिक्के मारून मोकळे होतो. अर्शद नदीम आपल्या शाळेत असता आणि पात्रता फेरीतून परतला असता, तर आम्ही शिक्षकांनी त्याला काय सांगितले असते? ‘बाळ, तुझे हे काम नाही, अभ्यासाकडे लक्ष दे.’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारले, याची मोजदाद मला आता करवत नाही.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या दहावीच्या वर्गात ऊसतोड कामगारांचा एक मुलगा होता. आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात आणि तो वसतिगृहात राही. शाळेत तेव्हा एकच भाला होता. त्याची दोरीची पकड उसवलेली होती आणि तिच्यावर कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. त्या भाल्याने हा मुलगा तालुक्यात पहिला आला, मग जिल्ह्यात पहिला आला. एका संध्याकाळी प्रार्थनेपूर्वी त्याने आपल्या मैदानावर एक भाला फेकला. तो कडुनिंबावरून पलीकडे गेला आणि कुंपणाबाहेरच्या तुरीत जाऊन पडला. मुलांनी एकच गलका केला. मी वर्गाच्या ओसरीवर उभा राहून ते पाहिले. कोणीतरी म्हणाले, ‘सर, मोजा ना!’ शाळेत कापडी फीत होती ती तीस मीटरची, आणि तीही बांधकामावर गेली होती. ‘उद्या मोजू,’ असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

विभागीय स्पर्धेची तारीख नेमकी सहामाही परीक्षेत आली. वर्गशिक्षक म्हणून संमती माझी हवी होती. गणितात तो कच्चा होता. मी संमती दिली नाही. ‘भाल्याने पोट भरत नाही,’ असे मी त्याला म्हणालो. त्याने वाद घातला नाही. आमची मुले वाद घालत नाहीत, ही त्या काळी मला शिस्त वाटे. तो दहावी झाला, पुढे आय.टी.आय. केले, आज एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे, घर बांधले आहे, दोन मुले शिकत आहेत. म्हणजे माझ्या सल्ल्याने त्याचे वाटोळे झाले, असे म्हणण्यासारखे काहीही नाही. गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तो भेटला. वाकून नमस्कार केला, मुलांची ओळख करून दिली. जाता जाता कडुनिंबाकडे पाहत त्याने विचारले, ‘सर, ती फेक किती मीटर होती हो?’

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मला उत्तर देता आले नाही, कारण उत्तर कोणाकडेच नव्हते. पराभूतांच्या नोंदी ठेवल्या जात नाहीत म्हणून त्यांचा इतिहास हरवतो, असे मी वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभा राहून शिकवत आलो होतो. आणि माझ्याच डोळ्यांदेखत पडलेल्या एका फेकीची नोंद मी ठेवली नव्हती. तो पुढे विभागात हरला असता, राज्यात कोणीतरी त्याच्या पुढे गेले असते, हे सगळे शक्य आहे. पण त्या हरण्यालाही एक आकडा असता. आपण किती फेकत होतो आणि किती कमी पडलो, हे त्याला कळले असते. मी त्याचे पदक हिरावले, असा माझा दावा नाही. मी त्याचे माप हिरावले.

पालकांच्या मनात येणारे प्रश्न मला ठाऊक आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला प्रश्न पोटाचा. खेळून प्रत्येकाला नोकरी लागत नाही. हजारो मुले भाला फेकतात तेव्हा एखादा नीरज होतो. उरलेल्यांना दुसरेच काही करून जगावे लागते. हे मान्य करून मी म्हणतो की खेळ आणि शिक्षण यांत एकाची निवड करा, असे सांगणारा शिक्षक आपले काम टाळत असतो. सहामाही परीक्षा एका मुलासाठी आठ दिवसांनी पुन्हा घेता आली असती. त्यासाठी मला दोन प्रश्नपत्रिका काढाव्या लागल्या असत्या, एवढेच. त्या दोन प्रश्नपत्रिकांचे कष्ट मी वाचवले आणि त्याला अभ्यासाची काळजी असे नाव दिले. क्रीडागुण किती मिळतील, एवढ्याच हिशेबाने मुलाला मैदानावर पाठवणारे पालक आणि एक परीक्षा हुकेल म्हणून त्याला अडवणारा शिक्षक, दोघेही मुलाकडे गुणपत्रिकेच्या खिडकीतूनच पाहत असतात.

दुसरा प्रश्न दुखापतीचा. तोही रास्त आहे. भालाफेकीत सर्वाधिक ताण येतो तो कोपरावर, खांद्यावर आणि पाठीच्या कण्यावर. वाढत्या वयाच्या मुलाला रोज पूर्ण ताकदीने भाला फेकायला लावणे हे शिकवणे नव्हे. आधी धावणे, उड्या, हलक्या चेंडूची फेक, पाठीचे आणि पोटाचे बळ. भाला नंतर, आणि तोही वयाला शोभेल अशा वजनाचा. तार फार ताणली तर तुटते आणि सैल सोडली तर वाजत नाही, हा दृष्टान्त आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. लहान वयात पदकाची घाई झालेला प्रशिक्षक मुलाची उद्याची फेक आजच खर्च करून टाकतो.

तिसरी गोष्ट पालक विचारत नाहीत, म्हणून मीच काढतो. ती वयाची. कनिष्ठ गटाच्या स्पर्धांना लागलेली सर्वांत जुनी कीड म्हणजे वय चोरणे. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेल्या पिढ्या आहेत. मी स्वतः त्यांपैकी एक. तेव्हा ते अज्ञानातून आणि सोयीतून झाले. आज मात्र वयाचा दाखला एक-दोन वर्षांनी कमी करून मुलाला खालच्या गटात उतरवणे हे जाणूनबुजून केले जाते, आणि त्यात कधी पालक, कधी शिक्षक, कधी दोघेही असतात. एकोणीस वर्षांच्या मुलाने सतरा वर्षांखालील गटात मिळवलेले पदक हे दुसऱ्या एखाद्या खऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या ताटातून उचललेले असते. ज्या मोजपट्टीच्या सचोटीवर आपण विसंबतो, तिच्याशी आपणच बेइमानी करायची आणि मग जगाने आपल्याशी न्यायाने वागावे अशी अपेक्षा धरायची, हे जुळणारे नाही. फेक मोजण्याआधी वय खरे सांगितले पाहिजे.

वाट कोण देतो, असा प्रश्न मी वर केला होता. नीरजच्या बाबतीत त्याचे उत्तर पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याचे मोठे एकत्र कुटुंब. मुलाचे वजन वाढले, पोरे चिडवू लागली, म्हणून घरच्यांनी त्याला व्यायामासाठी पानिपतला धाडले. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. ‘पानिपत झाले’ म्हणजे सर्वस्व गेले, असा आपल्या भाषेचा अर्थ. त्याच पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर या मुलाने काही मोठ्या मुलांना भाला फेकताना पाहिले आणि एकदा आपणही फेकून पाहिला. त्याला पहिले धडे दिले ते जयवीर नावाच्या, तिथेच सराव करणाऱ्या एका थोरल्या खेळाडूने. परदेशी प्रशिक्षक नंतर आले. बिद्गोश्चच्या वेळी ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट हे त्याचे प्रशिक्षक होते. पण पहिला भाला हातात दिला तो मैदानावरच्या दादाने. निवासी शाळेत असे दादा प्रत्येक खोलीत असतात. मोठ्याने लहानाला शिकवावे, ही तर आपल्या वसतिगृहाची रोजचीच रीत आहे.

अर्शदच्या बाबतीत ती वाट गावाने दिली. त्याला स्पर्धांना जाता यावे म्हणून गावकऱ्यांनी आणि नातेवाइकांनी पैसे जमवले, असे त्याच्या वडिलांनीच पॅरिसनंतर सांगितले. ऑलिंपिकच्या काही महिने आधीपर्यंत तो सात-आठ वर्षे वापरून निकामी होत आलेल्या भाल्यावर सराव करत होता. चांगल्या भाल्याची किंमत लाखाच्या घरात जाते. त्याला नवा भाला मिळाला पाहिजे, असे जाहीरपणे बोलणाऱ्यांत नीरजही होता, म्हणजे ज्याच्याकडून पॅरिसचे सुवर्ण पुढे गेले तोच. आणि अर्शदही आपलाच मुलगा आहे, अशा अर्थाचे उद्गार नीरजच्या आईने काढले. स्पर्धा तीव्र असूनही वैर नसू शकते, हे या दोन मुलांनी दोन्ही देशांतल्या मोठ्या माणसांना दाखवून दिले.

आता शेवटी आपल्या शाळेविषयी. माजी विद्यार्थी संघ दरवर्षी शाळेला काही देतो. कमान झाली, रंगमंच झाला, दोन वर्षांपूर्वी ध्वनिक्षेपक झाला. या सर्वांबद्दल शाळा कृतज्ञ आहे. यंदा माझी मागणी साधी आहे. शंभर मीटरची एक पोलादी फीत द्या. मुलांसाठी ७०० ग्रॅमचे आणि मुलींसाठी ५०० ग्रॅमचे काही भाले द्या. सरावाला बांबूचे चालतील, ते आपण इथेच करू. मैदानाच्या पश्चिमेला फेकीचे क्षेत्र आखून त्याला दोर लावू, म्हणजे फेक चालू असताना तिकडे कोणी जाणार नाही. सर्वांनी फेकून झाल्याशिवाय कोणीही भाला आणायला धावायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून देऊ. आणि एक जाड बांधणीची नोंदवही ठेवू. तिच्यात तारीख, नाव, खरे वय, भाल्याचे वजन आणि अंतर लिहू. पहिल्या आलेल्याचे लिहू, शेवटच्या आलेल्याचेही लिहू. शनिवारी संध्याकाळी जो मुलगा किंवा जी मुलगी फेकेल, त्या प्रत्येकाचे लिहू.

यातून ऑलिंपिकचा खेळाडू निघेल, असे आश्वासन मी देत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. मी एवढेच म्हणतो की वीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी आपल्या लेकरांना घेऊन या मैदानावर येईल आणि कडुनिंबाकडे पाहून विचारेल, ‘सर, माझी फेक किती होती?’ तेव्हा मी निवृत्त झालेला असेन, कदाचित या जगातही नसेन. पण त्या वेळी जो कोणी शिक्षक ओसरीवर उभा असेल, त्याने कपाटातून ती वही काढावी, पान उघडावे आणि त्याला त्याचा आकडा वाचून दाखवावा.